पांढऱ्या पाण्याची शिक्षा

काळं पाणी म्हटलं की मराठी माणसाला आधी अंदमान आठवतं. सेल्युलर जेल, कोलू, सावरकर. त्यामुळे "आमच्याकडे काळ्या पाण्यातले मासे आहेत" असं सांगितलं की समोरचा जरा दचकतोच. मग प्रत्यक्ष टाकी बघितली की पुन्हा एकदा दचकतो, कारण पाणी खरोखरच कोऱ्या चहासारखं दिसतं. इथे पिंपळनेरला आमच्या शेजारच्या आजींची प्रतिक्रिया एका वाक्यात होती, "हाई काय शे भो, चहामा मासा?"

आजींचा प्रश्न रास्त आहे. पाणी स्वच्छ म्हणजे पारदर्शक, आणि रंग आला की ते घाण, असं आपलं सरळ गणित असतं. पिण्याच्या पाण्यापुरतं ते बरोबरही आहे. पण जगात काही नद्या आणि ओढे असे आहेत की ज्यांचं पाणी जन्मतःच चहाच्या रंगाचं असतं. जंगलातला पाला त्यात पडतो, वर्षानुवर्षं कुजतो आणि त्यातली टॅनिन्स आणि ह्युमिक आम्लं पाण्यात उतरतात. खालची जमीन वाळूची किंवा दलदलीची असल्यामुळे पाण्याला क्षार मिळत नाहीत. म्हणजे पाणी रंगाने गडद, पण क्षारांच्या बाबतीत जवळपास पावसाच्या पाण्याइतकं कोरं. आणि चांगलंच आम्लधर्मी. यालाच मासे पाळणारे लोक काळं पाणी म्हणतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे ब्राझीलमधली रिओ नेग्रो. नावातच काळी नदी. तिचा पीएच साधारण 4 ते 5.5 च्या दरम्यान असतो आणि आपल्या आरओवाल्याचा टीडीएस मीटर तिच्यात बुडवला तर आकडा एकेरी येईल. मनौस शहराजवळ ती गढूळ सोलिमोंइसला मिळते तेव्हा दोन्ही पाणी कित्येक किलोमीटर शेजारी शेजारी वाहतात, मिसळत नाहीत. उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनच्या बरोबरीने ज्याचं नाव घेतात तो आल्फ्रेड रसेल वॉलेस या नदीवर फिरला होता. 1853 सालच्या त्याच्या प्रवासवर्णनात ॲमेझॉनच्या नद्यांची पांढरं, निळं आणि काळं पाणी अशी विभागणी आहे. परतीच्या वाटेवर 1852 मध्ये त्याचं जहाज जळालं आणि जमवलेले नमुने गेले. पण रिओ नेग्रोच्या माशांची त्याने काढलेली 200 हून अधिक चित्रं त्यातून वाचली.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे निऑन टेट्रा. हा मासा तुम्ही बघितलेला आहेच. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, हॉटेलच्या रिसेप्शनला, भाच्याच्या वाढदिवसाच्या भेटीत. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरचा जीव, अंगावर ट्यूबलाइट लावल्यासारखी निळी रेघ आणि शेपटीकडे लाल पट्टा. मूळचा पश्चिम ॲमेझॉनमधला, पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सावलीतल्या ओढ्यांमधला. शास्त्रीय नाव मिळालं 1936 साली. त्याचा थोरला भाऊ शोभेल असा कार्डिनल टेट्रा हा खास रिओ नेग्रोच्या बाजूचा, आणि त्याच्या नावाचा किस्सा आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल. 1956 च्या फेब्रुवारीत दोन वेगवेगळ्या गटांनी त्याला दोन वेगवेगळी नावं देऊन प्रसिद्ध केली, अवघ्या एका दिवसाच्या अंतराने. शेवटी प्रकरण प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेलं आणि एक दिवस आधीचं नाव टिकलं. कमिट आधी कोणाचं झालं यावरून भांडणारे आपण एकटेच नाही!

आता त्या निळ्या रेघेचं बघा. तो रंग कातडीत भरलेला नसतो. कातडीतल्या बारीक स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती चमक येते. गडद पाण्यात, झाडांच्या सावलीत, थोडक्या उजेडात सोबत्यांना एकमेकांचा माग लागावा यासाठी ती अगदी सोयीची आहे. म्हणजे हा मासा काळोखासाठी बनलेला आहे. आणि आपण त्याला कुठे ठेवतो? भगभगीत पांढऱ्या दिव्याखाली. तळाला रंगीत खडी, मागे निळ्या समुद्राचा कागद, मधोमध बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या. आणि पाणी? बोअरचं.

आमच्या खानदेशात खाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे. त्यातून झिरपून आलेलं बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, बादलीला पांढरी कड, नळाच्या तोटीवर पांढरी पुटं, हे घरोघरचं चित्र. वॉलेसच्या भाषेतलं पांढरं पाणी म्हणजे गाळाचं. मी म्हणतोय ते हे आपलं, भांड्यांवर डाग सोडणारं. माणसांना काळ्या पाण्याची शिक्षा व्हायची, आपण या माशांना पांढऱ्या पाण्याची देतो. आणि शिक्षेत कैदी जगतो हे खरंच आहे, पण त्याला कोणी संसार म्हणत नाही.

माझं मत सरळ आहे. काळ्या पाण्यातला मासा पाळायचा असेल तर तो आपल्या घरात पुढची पिढी देईल असा पाळावा. तेवढी तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. आपल्या नळाच्या पाण्यात आनंदाने राहणारे मासे कमी नाहीत. गप्पी आहेत, मॉली आहेत, त्यांना जड पाणीच मानवतं. ते पाळा, काही बिघडत नाही.

यावर दुकानदार लगेच म्हणतो, "अहो, फार्मचे मासे आहेत. त्यांना सगळं चालतं." आणि हे अर्धं खरं आहे. आज बाजारात मिळणारे निऑन बहुतेक सगळे पैदास केंद्रांतले असतात. भारतातल्या शोभेच्या माशांच्या पैदाशीचं मोठं केंद्र म्हणजे चेन्नईचं कोळत्तूर. शिवाय परदेशातूनही माल येतो. या माशांच्या कित्येक पिढ्या टाक्यांमध्येच गेल्या आहेत आणि बेताच्या जड पाण्यात ते जगतात. पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. ज्या केंद्रांत ते जन्मतात तिथेही अंडी घेताना मऊ पाणीच वापरावं लागतं, कारण पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की या माशांच्या अंड्यांचं फलन नीट होत नाही. अंडी पडतात, पांढरी पडतात, त्यांना बुरशी लागते. म्हणजे दुकानदाराचं "सगळं चालतं" हे फक्त विकत घेतलेल्या माशापुरतं. त्याच्या पोटातल्या अंड्यांना ते चालत नाही.

आम्ही लोक टेस्टिंगवाल्यांशी नेहमी एका गोष्टीवरून वाद घालतो. प्रोग्रॅम क्रॅश होत नाही म्हणजे तो बरोबर चालतो का? नाही ना? तसंच आहे हे. मासा मरत नाही ही सगळ्यात खालची पायरी. पाणी, उजेड, खाणं, सोबत, सगळं जुळलं की मगच मासा अंडी देतो आणि ती फळतात. पैदास ही पाळणाऱ्याची परीक्षा आहे, आणि तिचा निकाल मासा स्वतः लावतो. तिथे वशिला चालत नाही.

बरं, आता खरा अवघड प्रश्न. आणि तो आमच्याच भागातून विचारला गेला पाहिजे. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात तिथे माशाच्या चोचल्यांसाठी खास पाणी तयार करायचं? हे शोभतं का?

आरओ लावून पाणी मऊ करणार असाल तर नाही शोभत. घरगुती आरओ एक लिटर चांगलं पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. पिण्यासाठी ते एक वेळ समजून घेता येईल, शोभेच्या टाकीसाठी नाही. पांझरेच्या काठी फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने येणार, पाटकरी ते वाटणार, एका फडात एकच पीक, आणि कोणाला किती ते ठरलेलं. पाण्याचा हिशोब ठेवणं हा इथला संस्कार आहे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण तिच्या पाण्याला आहे.

म्हणून हिशोबच करू. टाकी 40 लिटरची धरा. छोट्या टेट्रांच्या थव्याला ती चालते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे 4 लिटर. वर्षाचे 52 आठवडे, 208 लिटर. उन्हाळ्यात वाफ होऊन उडतं त्याच्यासाठी आणखी 80-90 लिटर धरा. झाले 300 लिटर. आता गच्चीकडे वळा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे गच्चीचा फक्त 12 चौरस मीटरचा कोपरा आणि 25 मिलिमीटरची एक चांगली सर, की झाले 300 लिटर. वर्षभराचं पाणी एका संध्याकाळी! 200 लिटरचे दोन ड्रम भरले की पुढच्या मृगापर्यंत चिंता नाही. नळाला, बोअरला, टँकरला हातसुद्धा लावायचा नाही.

त्याला थोडे नियम आहेत. पहिले दोन-तीन पाऊस गच्चीवरची धूळ, कबुतरांची विष्ठा आणि हवेतली घाण धुवायला सोडून द्यायचे. पत्र्याला गंज किंवा ताजा रंग असेल तर ते पाणी घ्यायचं नाही. ड्रम खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचा, झाकणाचा, सावलीत ठेवलेला हवा, आणि झाकणाखाली दाट विणीचं फडकं बांधायचंच बांधायचं. डेंग्यूचा डास नेमक्या अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. माशाच्या हौसेपायी गल्लीला ताप आणायचा नाही.

पाणी मिळालं. आता रंग. त्यासाठी लागतो देशी बदामाचा पाला. तोच तो, शाळेच्या आवारात आणि सरकारी क्वार्टर्समध्ये छत्रीसारख्या फांद्या पसरून उभा असतो तो. पानं गळण्याआधी लाल होतात, आणि आपण लहानपणी दगडांनी ज्याच्या बिया फोडल्या तो. शास्त्रीय नाव टर्मिनालिया कटप्पा. आपले हिरडा, बेहडा, ऐन, अर्जुन हे सगळे त्याचे सख्खे भाऊबंद, त्यामुळे टॅनिन घराण्यातच आहे. कातडी कमवायला हिरडा वापरतात तो यामुळेच. आग्नेय आशियात मासे पाळणारे लोक हा पाला पूर्वीपासून वापरतात. गंमत म्हणजे हीच पानं आता ऑनलाइन दुकानांत दहा-दहाच्या पाकिटात विकायला असतात. आणि आपल्याकडे दर सकाळी तीच पानं झाडून ढीग करून पेटवून देतात.

पानं घ्यायची ती झाडावरून आपसूक गळलेली, पूर्ण वाळलेली, तपकिरी. रस्त्याच्या धुरातली नको, फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरचीही नको. धुऊन, थोडा वेळ भिजवून टाकीत सोडायची. 40 लिटरला एका मध्यम पानाने सुरुवात करायची, आणि रंग बघून वाढवायची. महिना-दीड महिन्यात पानाची जाळी होते. ती जाळीही लगेच काढू नका. तिच्यावर जे सूक्ष्म जीव वाढतात ते पिल्लांचं पहिलं जेवण.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. बोअरच्या पाण्यात बदामाची पानं टाकली की काळं पाणी तयार होतं, हे चूक आहे. त्याने फक्त रंग येतो. पाण्यातले बायकार्बोनेट आम्लाला पुरून उरतात, पीएच हलत नाही, आणि क्षार तर कमी होतच नाहीत. दिसायला रिओ नेग्रो, आतून बोअर. आधी पाणी मऊ हवं, मग पान. क्रम उलटला तर सगळं नाटकच.

दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. मऊ पाण्यात पीएच सांभाळणारे क्षार नसतात, त्यामुळे तो हळूहळू घसरत जातो. सहाच्या खाली गेला की माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे जीवाणू मंदावतात. पण मासे मरत नाहीत, कारण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया बहुतांशी अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप फारसं विषारी नाही. मग एक दिवस पावसाचं पाणी संपतं, कोणीतरी चांगल्या मनाने बादलीभर बोअरचं पाणी ओततं. पीएच सहावरून आठवर गेला की विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण 100 पट वाढतं. सकाळी सगळा थवा तळाशी. घरचे म्हणतात, "ताजं पाणी घातलं तर मेले कसे?" चालू सर्व्हरवर शुक्रवारी संध्याकाळी केलेला 'छोटासा बदल' ज्यांनी बघितला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. उपाय साधा आहे: मासे थोडे, खाणं थोडं, पाणी थोडं थोडं पण नेमाने बदलायचं, आणि वाफ झालेलं पाणी फक्त पावसाच्याच पाण्याने भरायचं, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतात.

आणि मे महिना? खानदेशातला मे म्हणजे पारा 42 च्या पुढे. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. टाकीचं झाकण थोडं उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात. तत्त्व माठाचंच. वीज गेली तरी थव्यापेक्षा पाणी जास्त असलेली टाकी तग धरते. कोंबून भरलेली धरत नाही.

आता पैदास. नवरा-बायको निऑन ओळखायचे तर मादी पोटाने गोल, त्यामुळे तिची निळी रेघ मध्ये किंचित वाकल्यासारखी दिसते. नर सडपातळ, रेघ सरळ. दोन आठवडे त्यांना जिवंत खाणं द्यायचं. डासांच्या अळ्या सगळ्यात उत्तम, फक्त त्या भांड्यातल्या अळ्या रोजच्या रोज गाळून संपवायच्या, उद्यावर ठेवायच्या नाहीत. दहा लिटरची रिकामी काचटाकी घ्यायची, त्यात पावसाचं पाणी आणि बदामाच्या पानांचा अर्क. टीडीएस 50 च्या आत, पीएच साडेपाच ते सहा, तापमान 24-25. तळाला नायलॉनची जाळी, कारण हे आईबाप अंडी दिसली की खातात. चारी बाजूंनी वर्तमानपत्र गुंडाळायचं. संध्याकाळी जोडी सोडायची. जमलं तर पहाटे, नाहीतर त्याच्या पुढच्या पहाटे, अंडी पडतात. जोडी लगेच बाहेर.

त्यानंतर टाकी पूर्ण अंधारात. ही अंडी उजेड सोसत नाहीत. जंगलात ती पडतात सावलीतल्या, चहाच्या रंगाच्या पाण्यात, पाल्याच्या थरात, त्यामुळे तिथे वर्तमानपत्र लागत नाही. साधारण एका दिवसात अंड्यातून बाहेर, आणि पाचव्या दिवसाच्या आसपास पिल्लं पोहायला लागतात. पिल्लू म्हणजे काय, तर काचेला चिकटलेला पापणीचा केस. बॅटरीच्या तिरप्या उजेडातच दिसतं. त्याच्या तोंडात मावेल असं खाणं बाजारात मिळत नाही. वाळलेला पाला किंवा गवत पाण्यात कुजवून त्यात वाढलेले सूक्ष्म जीव ड्रॉपरने द्यायचे, दिवसातून तीन-चार वेळा. आठवड्याभराने आर्टेमिया, म्हणजे मिठाच्या पाण्यात उबवलेली झिंग्यांच्या जातीतली बारीक पिल्लं. महिन्याच्या सुमारास एका संध्याकाळी लक्षात येतं की त्या केसाच्या तुकड्यावर निळं काहीतरी चमकतंय.

शंभर अंड्यांतून सगळी कधीच जगत नाहीत. पी हळद हो गोरी असा हा प्रकार नाही. आणि हिशोबाने पाहिलं तर हा शुद्ध वेडेपणा आहे, कारण दुकानात निऑन काही रुपयांना मिळतो. पण म्हणूनच तर मला हे महत्त्वाचं वाटतं. जी गोष्ट काही रुपयांना मिळते ती मेली की आपण दुसरी आणतो. ज्या पिल्लासाठी सहा आठवडे पाला कुजवला त्याला कोणी "मेला तर मेला" म्हणत नाही. किंमत आणि मोल यातला फरक हा मासा शिकवतो.

याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. ब्राझीलमध्ये बार्सेलोस नावाच्या गावाच्या परिसरात कित्येक कुटुंबं रिओ नेग्रोतले कार्डिनल हाताने पकडून विकतात. तिथे काम करणाऱ्या प्रोजेक्ट पियाबा या संस्थेचं म्हणणं असं की हे मासे विकत घ्या, त्यातून झाड वाचेल. कारण माशावर पोट चालतं तोवर लोक जंगल तोडून दुसरा धंदा शोधणार नाहीत. कार्डिनल तसाही नदीत फार काळ जगत नाही आणि पुन्हा भरपूर निपजतो. सगळ्यांनी घरीच पैदास केली तर त्या लोकांचं काय? आक्षेप खरा आहे, आणि बार्सेलोसचा म्हणून खात्रीने विकला जाणारा कार्डिनल कोणी घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आपल्या बाजारात मासा कुठून आला याची चिठ्ठी कोणी देत नाही. जिथे माहिती नाही तिथे "मी जंगल वाचवतोय" हे समाधान फुकटचं असतं.

आणि दुसरीकडे नेमकं उलटं चित्र आहे. बोर्निओ आणि सुमात्राच्या दलदलीच्या जंगलांतलं काळं पाणी. 2006 साली शास्त्रीय नाव मिळालेल्या तिथल्या पेडोसिप्रिस या माशाची पूर्ण वाढ झालेली मादी 7.9 मिलिमीटरची भरली, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. ती राहते त्या पाण्याचा पीएच तीनच्या आसपास. तिथलाच बोरारस नावाचा दोन सेंटिमीटरचा लाल मासा (रासबोराच्या मणक्यांच्या प्रमाणाच्या उलट याचं प्रमाण, म्हणून शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये नावाची अक्षरंच उलटसुलट केली!). पण हे दलदलीचं पाणी कालवे काढून उपसलं गेलं. एकट्या मध्य कालिमंतानमध्ये 1996 साली भातशेतीच्या योजनेखाली सुमारे दहा लाख हेक्टर जमीन घेतली. भात पिकला नाही, कोरडी पडलेली दलदल मात्र पुढे वर्षानुवर्षं पेटत राहिली. बाकी पाम तेलाने खाल्लं. तिथल्या काही जातींसाठी उद्या कुणाच्या तरी घरातली टाकी हेच शेवटचं घर उरू शकतं. तिथे पैदास येणं ही हौस राहत नाही.

इतक्या लांबचं कशाला, आपल्याकडेही माहिती असलेलीच गोष्ट आहे. पिंपळनेरपासून जवळ, आमच्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. उजाड झालेलं जंगल गावाने राखलं, आणि पाठोपाठ पाणी परत आलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना 2025 ची पद्मश्री जाहीर झाली. 2004 पासून तिथे वनभाजी महोत्सव भरतो. जंगल आणि पाणी यांच्यामधला दुवा काय, तर जमिनीवर पडलेला पाला. तो पाऊस धरतो, मुरवतो, माती करतो. काळं पाणी ही त्याच पाल्याची दुसरी गोष्ट. घरातली ती चहाच्या रंगाची टाकी म्हणजे जंगलाचा एक थेंब आहे, आणि पाल्याला कचरा म्हणणाऱ्या आपल्या सवयीला तो दिलेला एक छोटा जबाब आहे.

शेवटचा एक नियम, आणि यात मतभेदाला जागा नाही. जास्त झालेले मासे नदीत सोडायचे नाहीत. पांझरेत नाही, लाटीपाड्याच्या धरणात नाही, विहिरीतसुद्धा नाही. टाकीतून बाहेर गेलेला सकर मासा उजनीसारख्या जलाशयात कसा माजला ते तिथल्या मच्छीमारांना विचारा. निऑन पांझरेच्या पाण्यात बहुतेक तगणार नाही, हे खरं. पण त्याच्याबरोबर गेलेला रोग तगू शकतो. नदीत सोडणं ही दया नाही. पिल्लं वाढली तर ओळखीच्यांना द्या, पण पाण्यासकट आणि पाल्यासकट द्या. आणि घेणाऱ्याला आधी विचारा, "गच्चीवर ड्रम आहे का?" नसेल तर मासा नाही.

थोडक्यात काय, तर मासा पाळणं म्हणजे पाणी पाळणं. पाणी जमलं की मासा स्वतःचं बघून घेतो. आपल्याकडे कोट्यवधी लिटर मऊ पाणी दर पावसाळ्यात गच्चीवरून गटारात जातं आणि बदामाचा पाला रोज सकाळी जळतो. या दोन फुकट गोष्टी आणि थोडा धीर, एवढंच लागतं. तेवढं जमत नसेल तर गप्पी आणा, बोअरच्या पाण्यात सोडा, तेही सुखात आणि तुम्हीही. पण त्या निळ्या रेघेच्या माशाला उगाच पांढऱ्या पाण्याची शिक्षा नको.

असो. गच्ची मृगाच्या आधी झाडून ठेवा, म्हणजे झालं.